एएफनंतर (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आजार) नाडी मंद झाली तर
पाच मिनिटं शांत बसा, मग अंगठ्याखालची नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चौपट करू नका. ठोके अनियमित असले की तो हिशेब फसतो, बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही चुकतं. आकडा, वेळ, घेतलेली गोळी वहीत लिहा.

५०-६० ठोके आणि त्रास काही नाही, तर बहुधा घाबरण्यासारखं नसतं. मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन, अमिओडॅरोन या हृदयाच्या गोळ्या नाडी उतरवतात. काचबिंदूचे टिमोलॉल थेंबसुद्धा! (हे डॉक्टरांना सांगायचं हमखास राहतं.) पण गोळी मनानं बंद करू नका, रक्त पातळ करणारी तर नाहीच.

चाळीसच्या खाली नाडी, अंधारी किंवा धाप आली, तर खानापूर-निपाणीकडच्यांनी बेळगावच्या दवाखान्यात जायला एसटीची वाट बघू नये. शुद्ध हरपली, छातीत दुखलं तर थेट १०८.