बाल्टिक ग्रुप टूरला निघताय? आधी हे बघा

राजेहो, लिथुआनिया, लाटविया, एस्टोनिया तिन्ही शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येतं असा युरोपातल्या देशांचा गट), म्हणून व्हिसा एकच, पण अर्ज जिथे जास्त रात्री आहेत त्याच देशाकडे करायचा, अन् रात्री सारख्या असल्या तर आधी जिथे उतरणार तिथे, त्यामुळे टूरवाल्याकडून रात्रींचा हिशोब लेखी घ्या. इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा. खर्चाला तिन्हीकडे युरोच चालतो.

विल्नियस (लिथुआनिया) ते रीगा (लाटविया) अन् रीगा ते टॅलिन (एस्टोनिया), दोन्ही 300 किमीच्या आसपास, बसमध्ये चिवड्याची पिशवी हाताशी ठेवा. बॅग मात्र छोटीच. आम्ही नागपूरहून भलीमोठी ट्रॉली नेली, टॅलिनच्या जुन्या शहरातल्या दगडी गल्लीत तिचं एक चाकच निघालं, मग काय, बायकोचं ऐकत हॉटेलपर्यंत उचलून नेली. जूनमध्ये तिकडे रात्री साडेदहालाही उजेड असतो, डोळ्यांवर बांधायला पट्टी घ्या. अन् आपलं डिसेंबरवालं स्वेटरही.