पेशंट स्वतःच आजार घडवतोय असा संशय आला तर काय करायचं

वॉर्डात ड्युटी करणाऱ्या ज्युनियर डॉक्टर आणि सिस्टरांसाठी लिहितेय. फॅक्टिशियस डिसऑर्डरमध्ये पेशंट लक्षणं खोटी सांगतो किंवा मुद्दाम घडवतो, आणि पैसे, रजा असा उघड फायदा काही नसतानाही करतो. फायद्यासाठी केलं तर ते मॅलिंगरिंग, ते वेगळं. याच्या टोकाच्या प्रकाराला ब्रिटिश डॉक्टर रिचर्ड ॲशरने १९५१ मध्ये मुंचाउसेन हे नाव दिलं.

समजा डायबेटिस नसलेल्या बाईची शुगर सारखी चाळीसला येतेय. शुगर खाली असतानाच रक्त काढायचं आणि लगेच ग्लुकोज द्यायचं, नंतर काढलेल्या सँपलचा उपयोग नाही. इन्शुलिन जास्त आणि सी-पेप्टाइड (शरीर इन्शुलिन बनवताना सोबत तयार होणारा तुकडा) कमी आलं तर इन्शुलिन बाहेरून गेलंय, कारण शरीर स्वतः बनवतं तेव्हा दोन्ही सोबतच सुटतात. दोन्ही जास्त असतील तर घाई नको, इन्शुलिनोमा (इन्शुलिन सोडणारी स्वादुपिंडातली गाठ) असेल किंवा डायबेटिसच्या, शुगर कमी करणाऱ्या गोळ्या खाल्ल्या असतील, म्हणून ऑपरेशनचा विचार करायच्या आधी रक्तात त्या गोळ्या आहेत का ते तपासा.

हात पोचेल तिथेच न भरणारी जखम, ब्लड कल्चरमध्ये एकदम तीन-चार जंतू, जुने पेपर द्यायला टाळाटाळ, या पण खुणा. पण नुसते रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून हे लेबल लावू नका प्लीज, खरा आजार सोबत असू शकतो.

चोरून बॅग तपासायची नाही, राऊंडला सगळ्यांसमोर "नाटक करतेय" तर अजिबात नाही. कन्सल्टंट आणि सायकियाट्रिस्टनी मिळून बाजूला बसून बोलावं, म्हणजे "रिपोर्टवरून इन्शुलिन बाहेरून गेल्यासारखं दिसतंय, तुम्ही फार त्रासात आहात हे कळतंय, आम्ही उपचार सोडणार नाही" असं. कबुली मागत बसू नका, कबूल न करता पण माणूस बरं व्हायला लागू शकतो, आपण अपमान केला तर तो डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेऊन दुसऱ्या हॉस्पिटलात जाईल आणि तिथे परत पहिल्यापासून सुरू. आत्महत्येचे विचार येतात का हे सरळ विचारा.

यावर खास असं औषध नाही. डिप्रेशन असेल तर त्याची ट्रीटमेंट, सायकोथेरपी, आणि एकच डॉक्टर ठरवून लक्षणं असोत नसोत ठरलेल्या तारखेला भेट, म्हणजे भेटीसाठी आजारी पडावं लागत नाही. फालतू स्कोपी (दुर्बिणीच्या तपासण्या) आणि ऑपरेशनं टाळा.

पालकच मुलाला आजारी पाडतायत असं वाटलं तर मात्र हा सगळा क्रम बदलतो, आधी मूल सुरक्षित करा, सीनियरना कळवा आणि बालकल्याण समितीपर्यंत न्या, पालकांशी बोलणं त्यानंतर.