दिवाळखोरीआधी ४०१(के) मोडू नका

अमेरिकेत कर्ज डोईजड झालं की आपली माणसं आधी निवृत्तीच्या पैशांना हात लावतात. क्रेडिट कार्डवाल्यांचे फोन थांबावेत म्हणून ४०१(के), म्हणजे नोकरीतून मिळणारं निवृत्ती खातं, रिकामं करतात आणि वर्षभरात दिवाळखोरीचा अर्ज भरतातच. कळवळून सांगते, असं करू नका.

कंपनीच्या ४०१(के) खात्यातली रक्कम नोकरीतल्या निवृत्ती योजनांसाठीच्या 'एरिसा' या १९७४ च्या कायद्याखाली येत असेल, तर दिवाळखोरीत सावकारांना ती मिळत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्येच हे स्पष्ट केलं आहे आणि या रकमेला वरची मर्यादाही नाही. उलट वयाच्या साडेएकोणसाठच्या आत पैसे काढले, तर आयकर आणि वर काढलेल्या रकमेच्या सहसा १० टक्के दंड बसतो. शिवाय बँकेत आल्यावर त्या पैशांचं हे कवच राहीलच असं नाही.

आयआरएचं, म्हणजे आपण स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्याचं, थोडं वेगळं आहे. स्वतः भरलेल्या रकमेला एप्रिल २०२५ पासून सुमारे १७ लाख १२ हजार डॉलरपर्यंत संरक्षण आहे. ४०१(के) मधून थेट वळवलेली रक्कम त्यात धरत नाहीत. मात्र आईवडिलांकडून वारशाने आलेल्या आयआरएला केंद्रीय कायद्याचं हे संरक्षण नाही, असा २०१४ चा निकाल आहे.

थकलेला केंद्रीय आयकर आणि घटस्फोटातली न्यायालयाने ठरवलेली वाटणी मात्र ४०१(के) पर्यंतही पोचू शकते. म्हणून एक डॉलरही काढण्याआधी दिवाळखोरीच्या वकिलाला भेटा. बरेच जण पहिली भेट मोफत देतात.