तासाच्या दरावरून हातात पडणारा पगार कसा काढावा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत आयटीआय करून कामाला लागणारी मुले टाइम ऑफिसच्या खिडकीशी पहिला प्रश्न विचारतात तो हाच: "दादा, हातात किती पडतील?" हजेरी आणि पगारपत्रकाचे काम मी अनेक वर्षे करतो आहे. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कामगाराला रुजू होण्याआधी स्वतःचे स्वतः काढता आले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

तासाला 80 रुपये दर ठरला आहे असे धरू. आठ तासांचे 640 रुपये होतात. अनेक ठिकाणी जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी कामाच्या तासांत धरत नाहीत, त्यामुळे साडेआठ तास आत राहूनही हजेरी आठ तासांचीच लागते. साप्ताहिक सुट्ट्या वगळून महिन्याचे 26 दिवस धरले, तर 16,640 रुपये होतात. हा एकूण पगार झाला. हातात पडणारा नव्हे.

सर्वांत मोठी कपात भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे पीएफची असते. मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेवर 12 टक्के कापले जातात. कायद्याने सध्या 15,000 रुपयांपर्यंतच्या वेतनावरच ही वर्गणी सक्तीची असल्याने पुष्कळ कारखाने 1,800 रुपयांवर थांबतात. काही मात्र पूर्ण वेतनावर कापतात. आपल्या उदाहरणातली सगळी रक्कम मूळ वेतन आणि महागाई भत्त्याचीच असेल, तर पूर्ण वेतनावरची कपात 1,997 रुपये येईल. कारखाना यांतली कोणती पद्धत वापरतो, हे नेमणुकीच्या वेळीच विचारावे. हा पैसा तुमच्याच खात्यात जमा होतो, त्यामुळे त्याला 'गेलेला' पैसा म्हणणे मला पटत नाही. मालकही तेवढीच वर्गणी भरतो, पण त्यातून वेतनाच्या 8.33 टक्के रक्कम पेन्शन योजनेत जाते. म्हणून मालकाच्या 1,800 पैकी साधारण 550 रुपयेच पासबुकात पीएफ म्हणून दिसतात, आणि ते पाहून घाबरण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो. काही ठेकेदार पीएफच्या 'दोन्ही बाजू' कामगाराच्याच पगारातून कापतात आणि पद्धतच तशी आहे असे सांगतात. मालकाचा हिस्सा कामगाराच्या वेतनातून वसूल करण्यास कायद्याने मनाई आहे. पगाराच्या स्लिपवर पीएफसमोर 12 टक्क्यांहून मोठा आकडा दिसला, तर त्याच दिवशी विचारणा करावी, आणि आपल्या यूएएन, म्हणजे पीएफ खात्याच्या कायमच्या क्रमांकाने पासबुक उघडून पैसे खरोखर भरले जातात की नाही, हे दर महिन्याला पाहावे.

एकूण वेतन 21,000 रुपयांपर्यंत असेल तर कर्मचारी राज्य विम्यासाठी, म्हणजे ईएसआयसाठी 0.75 टक्के जातात. इथे ते 125 रुपये होतात. ओतकाम किंवा मशीन शॉपमध्ये राबणाऱ्या माणसासाठी याहून स्वस्त संरक्षण नाही. वर्गणीच्या अटी पूर्ण झालेल्या असतील, तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या 70 टक्के भत्ता मिळतो.

व्यवसाय कर महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये असतो. महाराष्ट्रात 25,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना तो लागत नाही. वर्षाला सुमारे दोन लाखांच्या या पगारावर आयकर बसत नाही. जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीची किरकोळ रक्कम जाते. तेव्हा 16,640 मधून 1,800, 125 आणि 200 वजा केले की 14,515 रुपये हातात पडतात. कॅन्टीन आणि घेतलेली उचल त्यानंतर वजा करावी. अप्रेंटिसशिपच्या विद्यावेतनातून पीएफ आणि ईएसआय कापला जात नाही, म्हणून तिथून कायम होणाऱ्या मुलांना पहिली स्लिप पाहून धक्का बसतो. तो हिशेब आधीच मांडून ठेवावा.

ओव्हरटाइमचा दर कायद्याने दुप्पट आहे. वीस तास जादा काम झाले, तर 160 रुपयांप्रमाणे 3,200 रुपये वाढतात. त्यावर पीएफ लागत नाही, पण ईएसआय लागतो. म्हणून हातात 3,176 रुपयांची भर पडते. ऑर्डर कमी झाल्या की हे तासही जातात, त्यामुळे गाडीचा हप्ता ओव्हरटाइमच्या भरवशावर ठरवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

खरे तर कपातीचे आकडे फारसे हलत नाहीत. हलतात ते हजेरीचे दिवस. रोजंदारीवर एका खाड्याला 640 रुपये जातात. खोलीचे भाडे आणि घरी पाठवायची रक्कम ठरवताना म्हणून फेब्रुवारीचा हिशेब धरावा: 24 दिवसांचे 15,360 रुपये, त्यातून पीएफचे 1,800, ईएसआयचे 116 आणि व्यवसाय कराचे 300 वजा जाता 13,144 रुपये.