पेल्टियर पट्टी: वैलाच्या धगीतून वीज, विजेतून गारवा

बाजारात मिळणाऱ्या टीईसी१-१२७०६ या चौरस पेल्टियर पट्टीत बिस्मथ टेल्युराइड या अर्धवाहकाच्या एन (ऋणभार वाहणाऱ्या) आणि पी (धनभार वाहणाऱ्या) प्रकारच्या कणांच्या १२७ जोड्या दोन सिरॅमिक पत्र्यांमध्ये बसवलेल्या असतात. शेवटचा ०६ हा आकडा सहा अँपिअरची मर्यादा सांगतो. दोन्ही बाजूंच्या तापमानात फरक पडला की विद्युतभार गरम बाजूकडून गार बाजूकडे सरकतात आणि व्होल्टेज मिळते, हा परिणाम शास्त्रज्ञ झेबेक यांना १८२१ मध्ये दिसला. उलट, वीज दिली की एक बाजू गार पडते, हे शास्त्रज्ञ पेल्टियर यांना १८३४ मध्ये आढळले.

विजेसाठी चुलीच्या वैलावर ॲल्युमिनियमची जाड पट्टी ठेवावी, तिच्यावर थर्मल पेस्टचा (उष्णता नीट पोहोचवणाऱ्या लेपाचा) पातळ थर देऊन पेल्टियर पट्टी बसवावी आणि वर सपाट बुडाचे, पाण्याने भरलेले पातेले ठेवावे. पट्टी थेट जाळावर कधीही ठेवू नये, कारण अशा अनेक पट्ट्यांमधील डाख १३८ अंशांच्या आसपास वितळतो. साठ अंशांचा फरक राखला तर काहीही न जोडलेल्या तारांवर सुमारे तीन व्होल्ट दिसतात. जोडणी केल्यावर मात्र जेमतेम एक वॅट हाती येतो. भारनियमनाच्या रात्री स्वयंपाकघरात एलईडी दिवा लावण्यास तेवढे पुरते, पण त्यासाठी व्होल्टेज वाढवणारे छोटे सर्किट लागते. पातेल्यातले पाणी तापत गेले की फरक घटतो, म्हणून ते बदलत राहावे.

गारव्याचे काम अधिक कसोटीचे आहे. गार करायच्या खोक्यातून खेचलेली उष्णता आणि पट्टीने खाल्लेली वीज, दोन्ही गरम बाजूनेच बाहेर पडतात. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात बाहेरची हवाच बेचाळीस अंशांवर असते, तेव्हा लहान हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) अजिबात पुरत नाही. मोठा हीटसिंक आणि पंखा लावावा, आणि बारा व्होल्टऐवजी सात-आठ व्होल्ट द्यावेत. पट्टीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, गारवा मात्र प्रवाहाच्या प्रमाणातच वाढतो, त्यामुळे कमी व्होल्टेजवर दर वॅटमागे अधिक गारवा मिळतो. कोणती बाजू गार होते हे दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बोटाने तपासावे. पट्टीच्या कडा सिलिकॉनने बंद कराव्यात, नाहीतर दव आत शिरून कण गंजतात. बंद करताना आधी पट्टीची वीज तोडावी आणि पंखा आणखी काही मिनिटे चालू ठेवावा, अन्यथा हीटसिंकमधील उष्णता पट्टीतूनच खोक्यात परतते.