मुलांच्या हाती को-ऑप हॉरर गेम देण्यापूर्वी काय पाहावे

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा दहा वर्षांचा भाचा इंदूरला आमच्या रामबागेतल्या घरी राहायला आला होता. त्याच्या वर्गातली तीन मुले रोज रात्री जेवणानंतर ‘फॅस्मोफोबिया’ हा मित्रांनी ऑनलाइन मिळून (को-ऑप) खेळायचा, भुते शोधण्याचा गेम खेळत आणि चौथी जागा त्याच्यासाठी राखून ठेवत. त्याने मला विचारले तेव्हा मी लगेच हो किंवा नाही म्हटले नाही, दोन दिवसांची मुदत मागून घेतली. त्या दोन दिवसांत जे तपासले, तेच इथे लिहितो आहे.

वयाचे लेबल आधी पाहावे, पण त्यावर थांबू नये. अमेरिकेत १९९४ पासून ईएसआरबी आणि युरोपात २००३ पासून पेगी या संस्था गेमना वयोगट देतात. मात्र स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात मिळणाऱ्या अनेक छोट्या कंपन्यांच्या गेमना असे कोणतेही मानांकन नसते; तिथे गेम बनवणाऱ्यानेच लिहिलेला आशयाचा खुलासा तेवढा वाचायला मिळतो. स्टीमचे खाते उघडायला किमान तेरा वर्षे पूर्ण असावी लागतात, म्हणजे दहा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या नावाने खाते काढण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय लेबल लावणारे रक्त, हिंसा आणि भाषा तपासतात. खेळताना माइकवरून कोण काय बोलेल, हे त्यांना आधी कळणे शक्यच नसते.

त्यामुळे गेम आधी पालकांनी स्वतः खेळून पाहावा. स्टीमवर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल, तर पैसे परत मागता येतात. अंदाज यायला तेवढा वेळ पुरतो. ते जमत नसेल, तर यूट्यूबवर गेमचा असा व्हिडिओ पाहावा ज्यात खेळणारा काहीच बोलत नाही, कारण प्रसिद्ध खेळाडूंच्या हसण्या-ओरडण्यात मूळ भीती झाकली जाते आणि आपली फसगत होते.

पाहताना राक्षस किती विद्रूप आहे याकडे कमी आणि आवाजाकडे अधिक लक्ष द्यावे. ‘फॅस्मोफोबिया’मध्ये भूत शिकारीला निघाले की घराचे मुख्य दार बंद होते, टॉर्च लुकलुकू लागते आणि खेळाडूच्या माइकमधला खरा आवाजसुद्धा भुताला ऐकू जातो. ‘लीथल कंपनी’ या अशाच दुसऱ्या गेममध्ये कुत्र्यासारखे आंधळे प्राणी असेच आवाजाच्या रोखाने येतात. म्हणजे मूल घाबरून किंचाळले, तर त्या किंचाळण्यामुळेच ते पकडले जाते. भाचा माझ्या शेजारी बसून पहिल्यांदा खेळला, तेव्हा कपाटात लपल्यावर त्याने एक हात माउसवर ठेवला, दुसऱ्या हाताने स्वतःचे तोंड घट्ट दाबून धरले आणि शिकार संपल्यावरही तो हात कितीतरी वेळ खाली आला नाही. पडद्यावर तेव्हा रिकामी खोली दिसत होती.

मेल्यानंतर गेम मुलाला कुठे ठेवतो, हेही पाहावे. ‘रेपो’ या अशाच आणखी एका गेममध्ये मेलेल्या खेळाडूचे डोके मित्रांनी उचलून ठरलेल्या जागी नेले, तर तो पुन्हा उठतो आणि खेळाडूंचे यंत्रमानव तोंडे उघडमीट करत बोलत असल्यामुळे वातावरण पुष्कळ हलके राहते. याउलट जिथे मेलेल्याचा आवाज जिवंत मित्रांना ऐकूच जात नाही, तिथे लहान मूल अंधारात एकटे पडल्यासारखे होते. माझ्या मते वयाच्या आकड्यापेक्षा हा फरक महत्त्वाचा आहे. ‘फॅस्मोफोबिया’त प्लँचेटसारखी पाटीही वापरता येते; ज्या घरांत हा विषय संवेदनशील असेल, त्यांनी ते आधीच ठाऊक करून घ्यावे.

सर्वांत जास्त विचार मात्र एका साध्या गोष्टीचा करावा: या खेळांना पॉज नसतो. एकट्याने खेळायचा हॉरर गेम मूल हवा तेव्हा थांबवते, पाणी पिऊन येते, दिवा लावते. इथे तीन मित्र त्याच्यावर अवलंबून असतात, मधूनच उठले तर डाव बिघडतो आणि ‘फट्टू’ हा शब्द दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ऐकावा लागतो. म्हणून मुलाला भीती वाटते का, हे विचारण्यात अर्थ नाही. ते नाही असेच म्हणेल. भीती वाटली तर मित्रांना काय सांगून उठशील, हे विचारावे. भाच्याला उत्तर सुचेना, तेव्हा आम्ही ठरवले की त्याने “मामा बोलावतोय” म्हणायचे आणि मी का बोलावले ते कोणालाही सांगायचे नाही.

अनोळखी लोकांच्या खुल्या लॉबीत, म्हणजे खेळाडू जमण्याच्या ऑनलाइन खोलीत, लहान मुलांनी जाऊ नये. कोड देऊन फक्त ओळखीच्यांना आत घ्यावे. मित्राने पाठवलेले मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून घातलेली भर, घालण्याआधी ते मोठ्यांनी पाहावे, कारण त्यांतून मूळ गेममध्ये नसलेली चित्रे आणि आवाज येतात.

एवढे करून परवानगी दिलीच, तर पहिले काही डाव दिवसा, पुढच्या खोलीत, हेडफोनऐवजी स्पीकरवर आणि सर्वांत सोप्या पातळीवर खेळू द्यावेत. दहा वर्षांखालच्या मुलांना हा प्रकार मी देणार नाही. दहा ते बारापर्यंत मोठ्यांच्या खात्यावर, मोठे माणूस शेजारी असतानाच. त्यानंतरच्या दोन-तीन रात्रींकडे बारकाईने लक्ष ठेवावे. भाचा खेळताना हसत होता, जेवला नीट, झोपलाही वेळेवर. पण दुसऱ्या रात्री अंगणापलीकडच्या मोरीपर्यंत जाताना त्याने मला उठवले आणि मी दाराबाहेर उभा असताना आतून सतत माझ्याशी बोलत राहिला. सकाळी आम्ही दोघांनी मिळून त्या मुलांना फोन केला. चौथी जागा पुढच्या वर्षापर्यंत रिकामी ठेवायला ती तयार झाली आणि तोवर चौघांनी संध्याकाळी कॅरम खेळायचे ठरवले.