चार्ल्स कोरिया बघायचे कसे: आधी छत कुठे संपतं ते शोधा

आर्किटेक्चरचे स्टुडंट सोडा, साधा फिरायला जाणारा माणूसही कधी ना कधी आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांच्या एखाद्या बिल्डिंगमधून फिरून आलेला असतो आणि त्याला पत्ताच नसतो. साबरमती आश्रमातलं गांधी संग्रहालय, पणजीची कला अकादमी, भोपाळचं भारत भवन, जयपूरचं जवाहर कला केंद्र, पुण्याचं आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज ही घरांची वसाहत, आणि मुंबईत कंबाला हिलवरची ती कोपरे कापल्यासारखी दिसणारी कांचनजंगा ही फ्लॅटची उंच बिल्डिंग, हे सगळं एकाच माणसाचं काम. फोटोत बघितलं की लोक म्हणतात, यात एवढं काय, साधंच तर दिसतंय. बरोबरच आहे, फोटोत साधंच दिसणार, कारण या बिल्डिंगमध्ये बघायची मुख्य गोष्ट म्हणजे भिंतींच्या मधली मोकळी जागा आणि तिच्यावरचं आभाळ, आणि ते कॅमेऱ्यात नीट येत नाही. चालावं लागतं.

तर कसं चालायचं, काय बघायचं आणि कुठल्या क्रमाने, ते सांगतो.

आधी माणसाची थोडी माहिती डोक्यात असू द्या, फार नको. जन्म १ सप्टेंबर १९३०, सिकंदराबाद. घराणं मूळ गोव्याचं. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज, मग अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटी आणि एमआयटी, १९५५ ला शिक्षण संपलं, परत मुंबईत आले आणि १९५८ मध्ये स्वतःचं ऑफिस काढलं. लहानपणी खेळण्यातल्या ट्रेनचं प्रचंड वेड, रुळांचे लेआउट कागदावर काढत बसायचे, आणि गंमत बघा, २००५ मध्ये त्याच एमआयटीत त्यांनी मेंदूवरच्या संशोधनाची जी बिल्डिंग बांधली तिच्या पोटातून खरीखुरी मालगाडीची लाईन जाते! १९७२ ला पद्मश्री, १९८४ ला ब्रिटनचं रॉयल गोल्ड मेडल, २००६ ला पद्मविभूषण. १६ जून २०१५ ला मुंबईत गेले. पुरस्कारांची पूर्ण यादी पाठ करण्यात काही अर्थ नाही.

त्यापेक्षा एक वही करा आणि तीन रकाने पाडा: साल, बिल्डिंग, आणि पैसे कोणी दिले. तिसरा रकाना सगळेच विसरतात आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. पब्लिक बिल्डिंग बांधणाऱ्या आर्किटेक्टचं करिअर हे सरकारं, ट्रस्ट, बजेट आणि फायली यांच्या तालावर चालतं. भोपाळची विधानसभा १९८० मध्ये सुरू झाली आणि १९९६ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे सोळा वर्षं. एवढ्या वेळात मंत्री बदलतात, इंजिनिअर रिटायर होतात आणि आर्किटेक्टला तीच कल्पना दरवेळी नव्या माणसाला पटवून द्यावी लागते. वहीत ही सालं एकाखाली एक लिहिली की लगेच कळतं की जयपूर, आयुका, दिल्लीची ब्रिटिश कौन्सिल आणि भोपाळची विधानसभा ही कामं एकाच काळात टेबलावर होती, त्यामुळे त्यांच्यात सारख्या गोष्टी दिसणारच.

जायच्या आधी प्लॅनची प्रिंट काढा. नेटवर बहुतेक बिल्डिंगचे प्लॅन आणि सेक्शन मिळतात. प्लॅन म्हणजे बिल्डिंगचा वरून बघितलेला नकाशा, आणि सेक्शन म्हणजे बिल्डिंग उभी कापल्यावर जे दिसेल ते, कोरियांच्या बाबतीत ते प्लॅनइतकंच कामाचं. मग एक रंगीत पेन्सिल घ्या आणि प्लॅनवर जिथे जिथे वर छत नाही ती जागा रंगवा. एवढंच करा, घरबसल्या अर्धी बिल्डिंग समजेल, कारण रंगवलेला भाग बघून तुम्हीच चक्रावाल की एवढी जागा उघडी ठेवलीये!

ती का ठेवली, हे त्यांचं मूळ म्हणणं. आपल्या हवामानात सकाळी आणि संध्याकाळी, वर्षातले कितीतरी महिने, माणूस अंगणात, ओसरीवर, गच्चीवर आरामात बसू शकतो. मग ती जागा खोलीसारखीच वापरात येते आणि बांधकामाचा खर्च खोलीपेक्षा कितीतरी कमी. थंड देशातल्या आर्किटेक्टला सगळं एका डब्यात कोंबावं लागतं, आपल्याला काय गरज? गरीब देशात पब्लिक बिल्डिंग बांधायची तर हा हिशोब फार मोठा आहे. आणि त्यात एसीचं बिल तर अजून धरलेलंच नाही.

सुरुवात साबरमतीपासून करा, दुसरीकडून नको. हे काम मिळालं तेव्हा कोरिया तिशीही गाठलेले नव्हते, आणि १९६३ मध्ये नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं. सगळी बिल्डिंग ६ मीटर बाय ६ मीटरच्या चौकोनांची. विटांचे खांब, वर कौलारू पिरॅमिडसारखी छपरं, खाली दगडी फरशी, खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा. काही चौकोन भिंतींनी बंद, काही नुसतेच उघडे, मध्ये पाण्याचा चौक. इथे काय करायचं, तर एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पावलं मोजा, साधारण आठ भरतील, आणि मग त्याच मापाने चालत राहा. थोड्या वेळाने लक्षात येईल की आपण सरळ रेषेत जातच नाही आहोत, बंद चौकोनाला वळसा घालून उघड्यात येतोय, परत सावलीत जातोय. खेड्यातल्या गल्लीतून हिंडल्यासारखं. गांधींच्या म्युझियमला भव्य दरवाजा आणि मोठा जिना नाही, ही गोष्ट पायांना कळते, बोर्डवर लिहावी लागत नाही.

तिथेच एका खांबाजवळ थांबून मान वर करा. दोन छपरांच्या मध्ये काँक्रीटची एक पन्हळ दिसेल. तीच बीम आहे आणि तीच पावसाचं पाणी वाहून नेते. म्हणजे छपराचं वजनही तिच्यावर आणि पाणीही तिच्यातून, वेगळा पीव्हीसी पाइप भिंतीवरून लोंबकळत खाली आणलेला नाही. पुढे हीच पन्हळ उघड्या चौकोनांच्या कडेनेही जाते, म्हणजे उद्या तिथे छप्पर घालून म्युझियम वाढवायचं असेल तर सांगाडा तयारच. मला विचाराल तर त्यांच्या नंतरच्या सगळ्या मोठ्या, गाजलेल्या बिल्डिंगपेक्षा ही एक पन्हळ जास्त हुशार आहे. (आश्रमाच्या आवारात रीडेव्हलपमेंटचं काम निघालंय, त्यामुळे काय उघडं आहे ते जायच्या आधी चेक करा.)

दुसरा नंबर भारत भवन, उद्घाटन १९८२. मोठा तलाव, त्याच्या काठची टेकडी, आणि बिल्डिंग कुठे आहे? दिसतच नाही! रस्त्याच्या लेव्हलला आत शिरलात की तुम्ही बिल्डिंगच्या डोक्यावर उभे असता, आणि तिथून गच्च्या, पायऱ्या, चौक असं करत तलावाकडे उतरत जाता. आर्ट गॅलरी, थिएटर, कवितेची लायब्ररी हे सगळं त्या चौकांच्या कडेला, गच्च्यांच्या खाली. आत उजेड येतो तो वर बसवलेल्या काँक्रीटच्या मोठमोठ्या झरोक्यांतून. इथे लोक एक चूक करतात, तिकीट काढलं की सरळ गॅलरीत घुसतात आणि चित्रं बघून बाहेर. तसं करू नका. आधी आत कुठेही न शिरता वरून थेट खाली बहिरंगपर्यंत, म्हणजे तलावाकडच्या ओपन थिएटरपर्यंत उतरा, मग परत चढताना एकेका दारात शिरा. शक्यतो दुपारी चारनंतर जा, कारण भर उन्हात त्या गच्च्या तापतात आणि उघड्या जागेची थिअरी तिथे जरा डळमळते, हेही बघण्यासारखंच आहे म्हणा.

जयपूरला जवाहर कला केंद्रात जायच्या आधी शहराचा नकाशा बघा. १७२७ मध्ये सवाई जयसिंगांनी शहर वसवलं ते नऊ चौकोनांच्या कल्पनेवर, आणि मध्ये टेकडी आली म्हणून एक चौकोन जागचा हलवावा लागला. कोरियांनी तेच उचललं. नऊ चौकोन, प्रत्येक ३० मीटरचा, भिंती ८ मीटर उंच, लाल दगडाच्या, आणि एक चौकोन मुद्दाम तिरका फिरवलेला. प्रत्येक चौकोनाला एक ग्रह दिलाय आणि त्या ग्रहाच्या स्वभावाप्रमाणे काम, म्हणजे गुरूकडे लायब्ररी. मधला सूर्याचा चौकोन रिकामा, नुसतं पायऱ्यांचं कुंड. आता नवग्रह ऐकून काही लोक नाक मुरडतात, काही लोक उगाच भारावून जातात, दोन्हीची गरज नाही. मधला चौकोन रिकामा ठेवल्यामुळे एका भागातून दुसऱ्या भागात जाताना माणूस परत परत आभाळाखाली येतो, हा खरा फायदा, ग्रह असोत नसोत.

पुणेकरांना तर फार लांब जायलाच नको, युनिव्हर्सिटीच्या आवारात आयुका आहेच. डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली संस्था, आणि कोरियांची बिल्डिंग १९९२ च्या सुमाराची. इथे भिंत हातभर अंतरावरून बघा. खाली आपला नेहमीचा काळा बेसॉल्ट, खडबडीत. त्याच्यावर कडप्पा, आणखी काळा. आणि सगळ्यात वर पॉलिश केलेला चकचकीत काळा ग्रॅनाइट, ज्याच्यात आभाळाचं प्रतिबिंब पडतं, त्यामुळे भिंत वर कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते पटकन कळत नाही. खगोलशास्त्राच्या संस्थेला यापेक्षा बरी भिंत काय असणार. मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. चालती संस्था आहे, कधीही जाऊन हिंडता येत नाही, पण २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला लोकांसाठी उघडतात, गर्दी होते पण जा.

मुंबईच्या आसपास राहत असाल तर बेलापूर करा आणि ते सगळ्यात शेवटी करा, कारण ते पचायला अवघड आहे. त्याची मागची गोष्ट अशी की १९६४-६५ च्या सुमाराला कोरिया, आर्किटेक्ट प्रवीणा मेहता आणि इंजिनिअर शिरीष पटेल या तिघांनी मांडलं की मुंबई दक्षिणेत कोंबत बसण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर करा आणि सरकारी कचेऱ्याच तिकडे न्या, म्हणजे माणसं आपोआप जातील. १९७० मध्ये ते शहर, म्हणजे नवी मुंबई, वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, कोरिया तिचे चीफ आर्किटेक्ट झाले, पण मंत्रालय काही हललं नाही, उलट नरिमन पॉइंटला भर टाकून टॉवर उभे राहिले. पुढे १९९६ मध्ये गिरण्यांच्या जमिनींसाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली कमिटी झाली, त्या रिपोर्टचंही जवळपास तेच झालं. वहीत हे पण लिहा. जे बांधलं गेलं नाही तेही करिअरच असतं.

आर्टिस्ट व्हिलेज ऐंशीच्या दशकातलं. सात घरांच्या मध्ये ८ बाय ८ मीटरचं एक अंगण, असे तीन गट मिळून एकवीस घरांचं १२ बाय १२ चं मोठं अंगण, आणि असंच वाढत जातं. लिफ्ट नाही, उंच टॉवर नाही, तरी दाटी चांगलीच. प्रत्येक घर सुटं, शेजाऱ्याशी भिंत सामायिक नाही, कारण पैसे आले की मालकाने आपलं घर वाढवावं ही मूळ कल्पनाच होती. आणि लोकांनी वाढवलं! इतकं वाढवलं की बरीच मूळ घरं पाडून तिथे तीन मजली बंगले आलेत, मार्बल, काचेच्या बाल्कन्या, सगळं. आर्किटेक्ट लोक तिथे जाऊन हळहळतात. मला ते हळहळणं पटत नाही, वाढवा म्हणून सांगितलं होतं, वाढवलं. तुम्ही तिथे गेलात की घरं बघूच नका, अंगणं शोधा आणि बघा कुठल्या अंगणात मुलं खेळतायत आणि कुठल्यात कार लावल्यायत. माणसं राहतात तिथे, त्यामुळे कोणाच्या दारात कॅमेरा घेऊन उभं राहू नका, विचारून बोला, लोक बोलतात.

कांचनजंगा बाहेरूनच बघावी लागते, ती प्रायव्हेट आहे. २८ मजले आणि फ्लॅट फक्त ३२. मुंबईत समुद्राकडचा व्ह्यू पश्चिमेला, आणि दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा पण पश्चिमेलाच, म्हणून कोपऱ्यात दोन मजली उंच गच्च्या खोदल्या, जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याचं काम त्या करतात. श्रीमंतांसाठी आहे, पण युक्ती साबरमतीचीच.

आता टीका. सगळ्या बिल्डिंग चांगल्या आहेत असं धरून चालू नका, नाहीतर बघणं बंद होतं. कॅनॉट प्लेसजवळची एलआयसीची जीवनभारती बघा, समोर काचेचा भलामोठा पडदा, आणि स्वतःला विचारा की आभाळाखालच्या मोकळ्या जागेबद्दल बोलणारा माणूस इथे काय करत होता. भोपाळच्या विधानसभेत विधान परिषदेसाठीही जागा केली होती आणि मध्य प्रदेशात विधान परिषद नाही. ब्रीफमध्ये, म्हणजे काम देणाऱ्याच्या मागण्यांच्या यादीत, जे येतं ते आर्किटेक्टला बांधावं लागतं.

जिथे जाल तिथे वॉचमन, सफाईवाले, कँटीनवाले यांच्याशी बोला. दोनच प्रश्न विचारा, पावसात कुठे गळतं आणि लोक बसतात कुठे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून त्या जागेवर स्वतः अर्धा तास बसा, फोन खिशात ठेवून.

पणजीची कला अकादमी यासाठी फार चांगली, कारण ती रस्त्यापासून मांडवीपर्यंत आरपार उघडी ठेवलीये, तिकीट न काढता माणूस आत शिरून नदीकाठी जाऊ शकतो, आणि दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक बसलेले आहेत. २०१९ मध्ये ती पाडायची भाषा झाली तेव्हा लोकांनी आवाज उठवला, पुढे रिनोव्हेशन निघालं आणि ते चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये ओपन एअर स्टेजचं छप्पर कोसळलं. त्यामुळे तिथे आत्ता काय कसं आहे ते स्वतः जाऊन बघा, जुन्या फोटोंवर विसंबू नका, आणि पणजीतच चार्ल्स कोरिया फाउंडेशन आहे, त्यांचे कार्यक्रम आणि प्रदर्शनं अधूनमधून असतात, त्या तारखा बघून ट्रिप ठरवली तर एका फेरीत दोन्ही होतं.